आक्काच्या दारातला बांबू

आक्काला काही विचारलं की उत्तर लगेच मिळत नसे. वडगावात आमच्या शेजारी तिचे दोन यंत्रमाग होते. माग थांबवून ती आधी तुटलेला धागा सांधायची, बोटांनी चाचपून बघायची आणि मग म्हणायची, "हां, काय म्हणालास रं?" तोवर विचारणारा निम्मा थंड झालेला असे.

तिला रागावलेलं मी कधी पाहिलं नाही. कुणी कुणाबद्दल वाईट सांगायला लागलं की म्हणे, "आसंल. भ्यालं आसंल." तिच्या मते माणसं बहुतेक सगळं भिऊनच करत.

लॉकडाऊनमध्ये तिच्या नवऱ्याला, अण्णांना, ताप आला. तपासणीत कोरोना निघाला. त्याच दुपारी गल्लीतले आम्ही चौघे तिच्या दाराला आडवे बांबू बांधायला गेलो. एक टोक मी धरलं होतं. आक्का खिडकीत उभी होती.

"ह्यांस्नी दवाखान्यात न्यायाची येळ आली तर रं?"

आम्ही दोर दोनदा फिरवून गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना श्वास घेता येईना. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. आक्का आतून मागावरच्या कात्रीनं दोर कापत होती. दोर नायलॉनचा होता, वेळ लागला. आम्ही आपापल्या गच्चीवर उभे होतो. अण्णा दवाखान्याच्या दारातच गेले.

पुढच्या वर्षी माझी आई तापानं पडली. आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. आक्का आली, तोंडाला पदर बांधून, पेज घेऊन. मला राहवलं नाही.

"आक्का, तो बांबू मी धरलता."

"ठाव हाय. खिडकीतनं दिसत हुतं की."

"मग आलीस कशाला? माणूस मुळातच वाईट असतो का गं?"

ती आईला पेज भरवत राहिली. वाटी संपल्यावर म्हणाली, "मला त्यातलं काय कळत न्हाय. पर तुमच्यात कोण आजारी पडलं असतं, तर ह्यांनी बी बांबू धरला असता. लई भित्रं हुतं माझं माणूस."

आई बरी झाली. काही महिन्यांनी माग बंद करून आक्का सदलग्याला लेकीकडे गेली. टेम्पोत सामान मी चढवलं. गल्लीतल्या बायका रडल्या. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. "आईला जप," एवढंच ती मला म्हणाली.

परवा तिच्या घरातली नवी भाडेकरीण तापानं फणफणली, तेव्हा मीच तिला दवाखान्यात नेलं. गल्लीतले लोक आता मला भला माणूस म्हणतात. तिच्या उंबऱ्याशी माझे पाय किती वेळ थांबले होते, ते कुणी पाहिलं नाही.