भैयाचा कॉम्प्युटर

माझा जुना मदरबोर्ड पूजेने मेला. लोकांचे बोर्ड विजेच्या झटक्याने मरतात, नाहीतर उंदराने वायर कुरतडली म्हणून मरतात. माझा खंडेनवमीला हळदीकुंकवाने आणि तांब्यातल्या पाण्याने मेला. वर मलाच ऐकावं लागलं की सणासुदीला तोंड पाडून बसू नये.

त्या दिवशी आमच्या बीडच्या घरात दरवर्षीसारखी हत्यारं मांडली होती. पाटावर वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, खुरपं, विळा, नट आवळायचे दोन-तीन पाने. शेजारी चकलांब्याच्या शेतावरून आणलेला फवारणीचा पंप. दाराशी माझ्या भावाची मोटारसायकल. भाऊ माझ्यापेक्षा लहान, पण घरात त्याला सगळेच भैया म्हणतात, मीसुद्धा. सगळ्याला गंध-फूल झालं आणि आई म्हणाली, "भैया, तुझ्या कॉम्प्युटरची बी कर की पूजा." भैयाने कुंकवाची बोटं कॅबिनेटला पुसली, वरून चिमूटभर हळद टाकली, झेंडूचं फूल तांब्यात बुडवलं आणि वरच्या जाळीवर झटकलं. ती जाळी गरम हवा बाहेर पडायला असते. तिच्या खालीच मदरबोर्ड. मशीन चालू होतं. मी क्लासवरून परत आले तेव्हा खोलीत जळका वास होता आणि भैया आईला सांगत होता की कंपनीच फालतू हाय. पूजा कशी झाली ते आईनेच मला मग सांगितलं.

बोर्ड गेला त्याचं दुःख झालंच, पण तळपायाची आग मस्तकात गेली ती 'तुझ्या' या शब्दाने. तो कॉम्प्युटर माझा होता. मी एका कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. पगारातून एकेक भाग घेत मी तो जोडला होता, गेम खेळण्यासाठी. दिवसभर पोरांना घर्षण आणि गती शिकवून आले की मला रेसिंगच्या गाड्या पळवायला आवडतात, त्यात कुणाचं काय जातं? पण काचेची बाजू आणि आत फिरणारे पंखे बघून येणारा-जाणारा म्हणायचा, भैयाचा का? आई सुरुवातीला सांगायची, नाही, ताईचा. मग पुढचा प्रश्न यायचा, ती काय करते त्याच्यावर? खेळते, हे उत्तर आईला देववत नव्हतं. पोरगा खेळला तर हौस, पोरगी खेळली तर वळण नाही. होता होता आईने उत्तर बदललं, आणि शेवटी तिला ते खरंच वाटू लागलं.

नवा बोर्ड घ्यायचा ठरवला तेव्हा मी हट्टाला पेटले होते. या वेळी ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर पळवायचा. प्रत्येक बोर्ड ते करू देत नाही. जो करू देतो त्याचीही वीज सांभाळणारी बाजू दमदार लागते, तिच्यावर ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे लागतात, नाहीतर आमच्या उन्हाळ्यात तो तापतो आणि आपणहून वेग पाडतो. मी कितीतरी संध्याकाळी वाचून एक मॉडेल पक्कं केलं. मोटारसायकलवर खोकं नीट धरून आणायचं तर दोन माणसं लागतात, म्हणून दुकानात भैयाला घेऊन गेले. तिथेच चुकलं.

प्रश्न मी विचारायचे आणि दुकानदार उत्तर भैयाला द्यायचा. "दादा, हे लाईटवालं घ्या. लई चालतंय सध्या." मी म्हटलं, याच्या विजेच्या भागावर ठोकळेच नाहीत, हा मे महिन्यात टिकणार नाही. तो भैयाकडे बघून म्हणाला, "ताईला टायपिंग-बियपिंग करायचं असंल तर साधा बोर्ड बी लई झाला." मी म्हटलं, मला ओव्हरक्लॉक करायचंय. तो हसला. "दादा, तुमी करताल तर सांभाळून करा बरं का. वॉरंटीचं बघा." आणि भैयाने समजूतदारपणे मान डोलावली. ज्याने मदरबोर्डवर फूल बुडवून पाणी शिंपडलं, त्याने. त्या मान डोलावण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मला हवा होता तो बिनलाईटचा काळा बोर्ड वरच्या फळीवर धूळ खात पडला होता. मीच तो दाखवला. दुकानदाराने खोकं पुसलं आणि भैयाच्या हातात दिलं.

जोडणी मी एकटीने केली. वेग वाढवायचं काम मुद्दाम ऐन उन्हाळ्यातल्या रविवारच्या दुपारी केलं, कारण जे बीडच्या दुपारी टिकतं ते कधीही टिकतं. वेग एक पायरी वाढवायचा, मग प्रोसेसरला घाम फोडणारी चाचणी लावायची आणि तापमानाच्या आकड्याकडे बघत बसायचं. मशीन हँग होऊन गोठलं की विजेचा दाब केसभर वाढवायचा. दाब वाढवला की ताप वाढतो, मग पंख्यांचं गणित परत मांडायचं. कधी पडदा काळाच व्हायचा, तेव्हा बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून पुन्हा घालायचा, म्हणजे बोर्ड सगळं विसरून पहिल्यापासून सुरू होतो. कूलरची दमट हवा मशीनला नको म्हणून तो बंद ठेवायचे आणि स्वतः निथळत बसायचे. असे किती रविवार गेले. एका दुपारी चाचणी शेवटपर्यंत गेली. न अडखळता, आणि ताप आटोक्यात. मला इतका आनंद झाला की पळत स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हटलं, झालं. आई म्हणाली, "झालं ना? मंग दळण आन."

संध्याकाळी भैयाचे दोस्त आले. त्याने त्यांना मशीन दाखवलं, गेम लावून दिला. "लई भारी बे, कसं केलं?" असं कुणीतरी विचारलं आणि भैया म्हणाला की डोकं लागतं त्याला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला डोकं लागत नाही, हे मी दारातूनच त्याला ऐकवलं. दोस्त हसले. त्यांना ते बहीण-भावाचं भांडण वाटलं.

मग मामाने स्थळ आणलं. मुलगा पुण्याला कंपनीत, घरची लिंबागणेशकडे शेती. बघायला यायच्या आदल्या दिवशी आईने बजावलं, "गेमचं काई बोलू नको. वाचन आवडतं म्हन." मी वाचन म्हणाले. मदरबोर्डबद्दल मी वाचलं होतंच की. मुलाने पोहे खाताना माझ्याकडे एकदा बघितलं. मग आतल्या खोलीत त्याला मशीन दिसलं आणि तो भैयाबरोबर उठून गेला. स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू येत होतं. ओव्हरक्लॉक कुणी केलं, असं त्याने विचारलं. "मीच की," भैया म्हणाला. बाहेर आला तेव्हा मुलाचे डोळे चमकत होते, आणि आईला वाटलं मुलगी पसंत पडली.

पसंत पडलीही होती. मामा निरोप घेऊन आला. "हुंडा-बिंडा काई न्हाई. मान्सं लई चांगली हायती. निस्ती पोराची हौस हाय, तेवढा भैयाचा कॉम्प्युटर द्या म्हन्तेत."

भैया उसळला, "मी कावून देऊ?"

"आरं, भैनीसाठी एवढं न्हाई करायचं का? तुला दुसरा घिऊ."

दुसरा मिळणार म्हटल्यावर भैया विरघळला. "बरं," तो म्हणाला, "तायडीसाठी देतो." हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं यापेक्षा वेगळं काय असतं? आणि आईचे डोळे भरून आले, भावाचं मन केवढं मोठं म्हणून. मी म्हटलं, तो माझा आहे, मला कुणी विचारलं का? मामा म्हणाला, "तुजाच ऱ्हाईल की. तुज्याच घरी चाललाय न्हवं?" अण्णा कोपऱ्यात सुपारी कातरतच राहिले. मला त्यांचाही राग आला.

त्या संध्याकाळी मी बोर्डालाच पासवर्ड घातला. तो दिल्याशिवाय मशीन पुढे जातच नाही.

बोलणी पक्की करायला मंडळी आली तेव्हा मुलाने त्याच्या भाऊजींना मशीन दाखवायला नेलं. भैयाने रुबाबात बटण दाबलं. पडद्यावर पासवर्डचा चौकोन आला. भैयाने आपली जन्मतारीख टाकली, मग मोटारसायकलचा नंबर. मशीन अडून बसलं. नाण्याएवढा सेल काढला की हा पासवर्ड जातो, हे त्याला माहीत असतं तर तो त्या दिवशी तरला असता. पण त्याने हाक मारली, "तायडे."

मी चहाचा ट्रे घेऊन गेले, तो पलंगावर ठेवला, सगळ्यांना बाजूला सरकायला सांगितलं आणि पासवर्ड टाकला. मशीन सुरू झालं. मुलगा म्हणाला, "तुम्हाला कसा काय माहीत?"

"मीच घातलाय. मशीन माझं आहे. बोर्ड मी निवडला, मी बसवला, वेग मी वाढवला."

त्याने भैयाकडे बघितलं. भैया फरशीकडे बघत होता. मला वाटलं आता मुलगा निदान ओशाळेल. तो मोकळेपणाने हसला. "मग तर उत्तमच. घरातच मेकॅनिक मिळाली. तिकडे आल्यावर मला अजून वाढवून द्या वेग."

"तिकडे तो येणार नाही," मी म्हटलं.

मग मामा सुरू झाला, पोरीच्या जातीने असं बोलू नये वगैरे. अण्णा दारात येऊन उभे होते. ते मामाला म्हणाले, "पाव्हनं, थांबा. तिचं हाय तर आदी तिला इचारायला पायजे व्हतं. आपन कुनीच न्हाई इचारलं."

चहा तसाच राहिला. दोन दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. ती आधी जुळली होती, गुणांसकट. आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. एका डबड्यापायी चांगलं स्थळ घालवलं, असं ती शेजारणीला सांगायची. डबडं तर डबडं. ज्याला माझ्यापेक्षा माझं मशीन पसंत पडलं त्याच्या घरात मला कोण विचारणार होतं?

खंडेनवमी आली तेव्हा मी सकाळपासून खोलीच्या दारात पहाऱ्याला बसले. अण्णांनी पाट मांडला. सवयीने भैया फूल आणि तांब्या घेऊन खोलीकडे वळला. अण्णांनी त्याच्या हातून तांब्या काढून घेतला आणि कुंकवाची वाटी घेऊन स्वतः आत आले. कुंकवाने भरलेलं बोट नेमकं पुढच्या जाळीकडे चाललं, जिथून पंखे हवा आत ओढतात.

"अण्णा, तिथं नाही," मी ओरडलेच.

त्यांचा हात थांबला. आता देवाच्या कामात ओरडते म्हणून बोलणी बसणार, असं मला वाटलं. मी भांडायच्या तयारीतच होते. त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "मंग तूच लाव. हत्यार ज्याचं त्यानंच लावायचं अस्तं. मला काय म्हाईत त्याच्यात वारं कुठनं जातं."

मी प्लग काढला आणि काचेच्या कडेला एक बोट टेकवलं. आई दारात येऊन उभी होती. काही महिन्यांत ती पहिल्यांदा या खोलीपर्यंत आली होती. तिथूनच ती म्हणाली, "तुझ्या कॉम्प्युटरला फूल वाहायचं ऱ्हायलं बग."

फूल मी कोरडंच वाहिलं.