आईनं सोडलेलं पान
कुंभकोणमच्या बाजारात विड्याच्या ओल्या पानांचा वास आला की आई आठवते. प्रेशरची गोळी सुरू झाल्यावर तिच्या हिरड्या फुगून दातांवर चढू लागल्या. बाबा म्हणाले, "सारखं पान चघळतेस, दुसरं काय होणार?" जेवणानंतर झोपाळ्यावर दोघं पान खात, तेवढाच वेळ ती मोकळं बोलायची. तिनं पान सोडलं, तसं झोपाळ्यावर बसणंही सोडलं. हिरड्या वाढतच राहिल्या. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पानामुळे नाही, अम्मा, गोळीमुळे होतंय. डॉक्टरांकडून ती बदलून घ्या." गोळी बदलल्यावर हिरड्या हळूहळू उतरल्या. बाबांनी स्वतः चुना लावून पान पुढं केलं. "आता नको," म्हणून ती भांडी घासायला गेली. बाबा पान हातात धरून बसून राहिले. तेव्हा मला तिचाच राग आला होता; आता येत नाही.