अकरा मिनिटांत पाच गावं

शारजातल्या आमच्या इमारतीखाली भाजीचं एक दुकान आहे. तिथे परवा एका उथळ खोक्यात पानासकट लिंबं मांडून ठेवलेली दिसली. आपली पातळ सालीची, रसाने तटतटलेली कागदी लिंबं नव्हेत. मुठीत न मावणारी, खडबडीत, फिकट हळदी रंगाची, आणि प्रत्येकाच्या देठाशी एखादं काळपट हिरवं पान अजून तग धरून राहिलेलं. खोक्यावर इटलीचं नाव होतं. मी एक उचललं, सालीत नकळत नख रुतवलं, आणि त्या उग्र, थंड, किंचित कडवट वासाबरोबर छातीत जे उसळून आलं तो एक जुना संताप होता. इतक्या वर्षांनी तो कसा असेल, उडून गेला असेल का, अशी शंका मला अधूनमधून येत असे. पण तो होता तसाच होता, सालीखालच्या तेलासारखा, नख लागायचा अवकाश. खरं सांगते, मला बरं वाटलं.

माणसं आपापल्या परीने काय काय जपतात. कुणी जुनी पत्रं, कुणी वाळलेली फुलं. मी एका माणसावरचा राग जपला आहे, आणि तो राग का जपण्याजोगा आहे हे सांगायचं तर आधी माझ्या वडिलांकडे जायला हवं. ते रेल्वेत होते. पठारावरच्या एका लहानशा स्टेशनचे मास्तर. मेलगाड्या तिथे थांबत नसत. चुलीवरचा चहा अर्धा टाकून ते फलाटावर जात, हिरवं निशाण धरून ताठ उभे राहत, आणि गाडी धुळीचा आणि तापल्या लोखंडाचा वास मागे ठेवून निघून जाई. मला अक्षरओळख झाली ती वेळापत्रकावरून. ते म्हणत, "गाडी कुठे थांबते ते कुणीही बघतं. कुठे थांबत नाही, ते बघायला शीक." तारुण्यात मी कवितांमागे लागले, पदवीही साहित्याचीच घेतली, पण आकड्यांच्या त्या उभ्या स्तंभांत मला जी लय पहिल्यांदा सापडली, ती पुढे मोजक्याच ओळींत सापडली.

नव्वदच्या दशकात मी दुबईतल्या एका मालवाहतुकीच्या कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागले. कंपनीचे मॅनेजर आपल्याकडचेच, मराठी. वीस वर्षं आखातात काढलेले, अंगाला अत्तराचा जड वास, आणि बोलण्यात तीन-चार भाषांची भेळ. त्या काळच्या रीतीप्रमाणे आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असत आणि तिजोरीची किल्ली साहेबांच्या खिशात. एका रविवारी भावाचा फोन आला, की वडिलांना इस्पितळात हलवलं आहे, लगेच नीघ. मी साहेबांच्या टेबलाशी उभी राहिले.

"बाई, month-end आहे. आत्ता कुठे?" त्यांनी कागदावरून नजरही उचलली नाही. "थर्सडेनंतर बघू. इन्शाल्ला, काही होत नाही त्यांना. म्हातारी माणसं अशी वरखाली होतच असतात."

सोमवारी मी पुन्हा उभी राहिले, मंगळवारी पुन्हा. बुधवारी सकाळी भावाचा फोन आला तेव्हा विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. साहेबांनी स्वतः उठून तिजोरी उघडली, माझा पासपोर्ट टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "आता जा. पंधरा दिवस घ्या, काही problem नाही." त्या 'आता'ची चव आजही माझ्या जिभेवर आहे. गावी पोचल्यावर भावाने सांगितलं, की शेवटचे दोन दिवस दाराचा आवाज झाला की बाबा विचारत, "तिची गाडी किती लेट आहे?" आयुष्यभर इतरांच्या गाड्यांची वेळ चोख सांगणारा तो माणूस, आणि त्याला उत्तर देणारं कुणी नव्हतं.

मी परत आले. हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण आखातात माणूस परत येतोच. मी पत्रं टंकत राहिले, फोन घेत राहिले, 'गुड मॉर्निंग सर' म्हणत राहिले. दोन वर्षं गेली. मग एक दिवस साहेब म्हणाले, "बाई, आमची silver jubilee आहे. हिला इटली बघायचीय. ते कॅलेंडरमधलं बघून वेड लागलंय तिला. चारच दिवस आहेत माझ्याकडे. तुम्ही कविता-बिविता वाचता, तुम्हीच करा planning. आणि हिला सगळं ट्रेनने पाहिजे! आता इथे कोणाला ट्रेन माहितीय?"

खरोखरच कुणाला माहीत नव्हती. तेव्हा या देशात रुळाचा एक तुकडा नव्हता. वाळूतून निघणारे सरळ रस्ते, प्रत्येकाच्या बुडाखाली गाडी, आणि साहेबांसारखा माणूस तर गेली वीस वर्षं जिथे 'यल्ला, रोको' म्हणेल तिथे चाक थांबत आलेलं. वाहन आपल्या शब्दावर थांबतं, हा त्यांचा श्वासाइतका सहज विश्वास होता. त्यांची ही समजूत मला फार दिवस दिसत होती; ती उपयोगी पडेल, हे मात्र त्या क्षणी पहिल्यांदा लक्षात आलं.

आमचं ऑफिस एक ते चार बंद असे. तेवढ्या वेळात शारजाला जाऊन परतणं वाहनांच्या त्या रांगांत अशक्यच; मी टेबलावर डोकं टेकून दुपार घालवत असे. आता ती दुपार ऊद मेथातल्या साहेबांच्या घरी जाऊ लागली. पडदे ओढलेली, गारव्याने भरलेली बैठकीची खोली, यंत्राची संथ घरघर, आणि काचेच्या पेल्यातून येणारी गुलाबी सोलकढी. वहिनी मूळच्या वेंगुर्ल्याच्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, आवाजाने मृदू, हाताला सदा कोथिंबिरीचा वास. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'अगं' म्हटलं आणि कॅलेंडरचं ते पान माझ्यासमोर उलगडलं: समुद्रात उतरणाऱ्या काळ्या कड्याला चिकटलेली गुलाबी, पिवळी, शेंदरी घरं, आणि घरांमधून थेट पाण्यात जाणाऱ्या पायऱ्या.

"अशी पाच गावं आहेत म्हणे ओळीने," त्या म्हणाल्या. "मोटारी जात नाहीत आत. गाडीतून उतरायचं आणि चालायचं. इथे बघ, मला दारात गाडीत बसवतात आणि दारात उतरवतात. पार्सल असल्यासारखी." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "पाय बुडवायला मिळेल ना गं?"

"मिळेल वहिनी," मी म्हटलं. तेव्हा ते खरंच होतं.

मी युरोपातल्या गाड्यांच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक मागवलं होतं. त्याचा कागद इतका पातळ, की मागच्या पानावरची शहरं पुढच्या पानावर सावलीसारखी दिसत. वहिनी चष्मा सारून बोटाने एकेक स्टेशन वाचत, नावं चुकीची उच्चारत आणि स्वतःच हसत. रोममध्ये दोन रात्री. मग गाडीने ला स्पेझिया नावाच्या बंदराच्या शहरात एक मुक्काम. दुसऱ्या सकाळी तिथून किनाऱ्याने निघून वाटेतल्या पाचही गावी उतरत, सावकाश, संध्याकाळपर्यंत जेनोआ. आणि तिथूनच परतीचं विमान. चार दिवसांतला एकच दिवस त्या गावांचा होता. सगळी सहल त्या एका दिवसासाठी होती.

आता पुढचं नीट ऐका, कारण मला ते सौम्य करून सांगायचं नाही. ला स्पेझियाहून त्या किनाऱ्याने सकाळी दोन गाड्या होत्या. एक नऊ वीसची, जलद. एक नऊ बेचाळीसची, रखडत जाणारी, प्रत्येक गावी थांबणारी. जलद गाडीच्या स्तंभात पाचही गावांसमोर आकडा नव्हता. फक्त एक बारीक उभी रेघ, वरून खाली, न तुटणारी. आपल्याकडच्या वेळापत्रकात अशा जागी ठिपके असत. बाबांनी बोट ठेवून दाखवलेले ते ठिपके मला आठवले, त्यांच्या बोटाचं चिरलेलं नख आठवलं, आणि मी टंकलेखनयंत्रात कोरा कागद सरकवला. रोमची पानं मी जीव ओतून लिहिली. कुठल्या गल्लीत सकाळचं ऊन आधी येतं इथपर्यंत. मग त्या ओळीवर आले आणि लिहिलं, नऊ वीस. टाइपचे खिळे रिबिनीवर पडल्याचा तो कोरडा आवाज मला गोड लागला. डोळ्यांपुढे साहेब होते: सामान हातात, दाराशी उभे, आणि गाव येतं आणि जातं, येतं आणि जातं, आणि त्यांचा शब्द ऐकणारं तिथे कुणी नाही. मी तीन दिवस त्यांच्या टेबलाशी उभी राहिले होते. त्यांनी निदान पाच स्टेशनं उभं राहावं. एवढंच, एवढंच मला हवं होतं. कुठलीही कविता मी त्यापेक्षा अधिक काळजीने लिहिलेली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी वहिनींचा ऑफिसात फोन आला. "अगं, तुझा कागद पर्समध्ये वरच ठेवलाय. सगळं बरोबर आहे ना गं? मला यातलं काही कळत नाही, तुझ्यावर आहे सगळं."

रिसीव्हरमधून त्यांच्या घरातली घाई ऐकू येत होती, चाकांच्या बॅगेची फरशीवरची खरखर, साहेबांचं 'यल्ला, यल्ला'. एक आकडा सांगायचा होता. दोन शब्द.

"हो वहिनी," मी म्हटलं. "सगळं बरोबर आहे."

आठवड्याने साहेब ऑफिसात आले ते चॉकलेटचा डबा उघडतच. मी मान खाली घालून वाट पाहत होते. त्यांच्या रागाचीच, कारण त्या रागाशिवाय माझा सूड पुरा होणार नव्हता.

"पाच गावं, अकरा मिनिटं!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "घड्याळ लावून मोजलं मी. Non-stop! बोगदा, गाव, बोगदा, गाव, खलास! हिला म्हटलं, झालं बघून सगळं. लोक म्हणे दिवस-दिवस घालवतात तिथे."

"साब, उतरे नहीं?" केरळच्या हिशेबनीसाने विचारलं.

"उतरके क्या करना था? सीढ़ियाँ ही सीढ़ियाँ! मग जेनोआत सकाळीच पोचलो. काय port आहे राव! क्रेन बघा एकेक. आपल्या खोर फक्कानच्या port ला पण असं करायला पाहिजे." आणि माझ्याकडे वळून, "बाई, planning first class. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंड."

मी हात पुढे करून चॉकलेट घेतलं. ते तोंडात विरघळेना. दोन वर्षं घासून ज्याला धार आणली ते हत्यार त्या माणसाच्या अंगावरून वाऱ्याच्या झुळकीसारखं गेलं होतं. उलट त्याला सुखद वाटलं होतं.

दुपारी वेळापत्रकाचं पुस्तक परत आणायच्या निमित्ताने मी ऊद मेथाला गेले. वहिनींनी सोलकढी दिली. पुस्तक मेजावर उघडंच होतं, आणि त्या उभ्या रेघेवर त्यांनी चष्मा ठेवला होता.

"आल्यावर शोधलं मी," त्या म्हणाल्या. "आता वाचता येतं मला, तूच शिकवलंस. ही गाडी थांबत नव्हती. तुला माहीत होतं?"

"होतं."

"का गं?"

मी सांगितलं. तिजोरी, थर्सडे, बाबांचा दाराकडे लागलेला कान, सगळं. त्या ऐकत राहिल्या.

"ह्यांनी तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या, "की तुझे वडील आजारी म्हणून कळल्या कळल्या पासपोर्ट दिला. मी म्हटलंसुद्धा, बरं केलंत." मग खिडकीकडे पाहत, "एका गावात पायरीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने वर पाहिलं. मी हात करणार, तोवर बोगदा आला, आणि काचेत माझंच तोंड. असं पाच वेळा."

त्यांनी पेला माझ्यापुढून उचलला.

"मला तरी सांगायचं होतंस गं. मी त्यांना चढू दिलं असतं. काहीतरी विसरले म्हणून फलाटावर मागे राहिले असते आणि पुढच्या गाडीने एकटी गेले असते. एक दिवस. तुला माझ्यात ती बाई दिसलीच नाही का?"

नव्हती दिसली. स्वर, गंध, प्रकाश, सगळ्याला जागी असलेली मी, समोर बसून बोटाने स्टेशनं वाचणाऱ्या त्या बाईला फक्त साहेबांची बायको समजले होते. माझ्या हातात सूड होता आणि तिच्याही मनात एक तयार होता. दोघी मिळून आम्ही तो असा घेतला असता, की त्या माणसाला परक्या फलाटांवर आयुष्यात प्रथमच कुणाची तरी वाट पाहावी लागली असती. ते मी घालवलं.

पुढे मी नोकरी बदलली. पासपोर्ट आता माझ्याच कपाटात असतो. साहेब निवृत्त होऊन देशी परतले. कुणाकडून कळतं, की तिकडे मित्रमंडळीत ते अजूनही त्या अकरा मिनिटांची गोष्ट सांगतात. मी त्यांना क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही. ते वार्धक्यात नरम झाले असतील, तर तो त्यांचा प्रश्न. काळ दुःखाला हळूहळू गोलसर करतो, नदीच्या गोट्यासारखं. बाबांच्या आठवणीने मी आता रडत नाही. पण अन्यायाला त्याचा हात लागत नाही, असं मला दिसलं आहे. वहिनींची माफी मात्र मी मागायला हवी होती. त्या दुपारी त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं, पुस्तक हातात दिलं आणि "ऊन आहे, जपून जा" म्हणाल्या. मी जिना उतरले आणि पुन्हा तिथे गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून एक ते चार मी ऑफिसातच बसू लागले, दिवा न लावता.