चौदा दसऱ्यांच्या अक्षता

आमच्या बैठकीत टीव्हीच्या खाली जो काळा डब्बा दिसतो, त्याला हसू नका. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे भंगार काहून ठेवलं इथं?" मी म्हणते, बसा आधी, चहा घ्या, मग सांगते. यांच्या मते मी जरा जास्तच सांगते. सांगीन, का नाही सांगणार? मी केलंय ते.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला एका कचेरीत हिंदी टायपिस्ट होते. अर्धी नोकरी टाईपरायटरवर गेली. कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबांनी आम्हा बायकांकडे असं पाहिलं, की आता यांचं काही खरं नाही. माझं डोकंच फिरलं. घरी स्वतःचा कॉम्प्युटर आणला आणि तीन महिन्यांत कचेरीतल्या तरण्या पोरांना मीच शिकवायला लागले. तोच हा डब्बा.

आता घरात यंत्र आलं म्हणजे दसऱ्याला त्याची पूजा आलीच. यांची सायकल, माझी शिलाई मशीन, विळा आणि कॉम्प्युटर, असे सगळे पाटावर बसायचे. इतरांच्या घरी हा डब्बा उभा असतो, आमच्याकडे आडवा. कारण साधं होतं. उभ्या डब्ब्यावर नारळ बसत नव्हता, झेंडूची फुलं घसरून पडत होती. म्हणून पहिल्याच दसऱ्याला मी त्याला आडवा केला, जाळीची बाजू वर, म्हणजे फुलांचे देठ तिच्यात नीट अडकतात. तेव्हापासून तो तसाच राहिला. हळद, कुंकू, अक्षता, आपट्याची पानं, सगळं दरवर्षी त्याच्यावर वाहत होते, आणि तेही हात सैल सोडून. आमचा मुलुख धानाचा, तांदळाची कंजुषी कशाला?

चौदाव्या दसऱ्यानंतर तो दहा-दहा मिनिटांनी आपोआप बंद पडायला लागला. कॉम्प्युटरच्या दुकानात नेला. दुकानदारानं झाकण न उघडताच, नुसता सुरू करून आणि बंद पडताना पाहून निकाल दिला, "आंटी, ये तो गया. अब इसको आराम दो." मी त्याच महिन्यात निवृत्त झाले होते, त्यामुळे ते वाक्य जरा जास्तच झोंबलं. डब्बा घरी आणला, त्याच्यावर जुन्या साडीची खोळ शिवून घातली आणि कोपऱ्यात ठेवून दिला. भंगारवाला दोनदा विचारून गेला. दोनदा मी त्याला हाकललं.

आता यांच्याबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट यांचीच आहे.

हे परसवाड्याकडे प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आवाज असा, की पाढे म्हणायला लागले तर रस्त्यावरची माणसं थांबायची. साठी उलटली आणि कान गेले. सासऱ्यांचंही असंच झालं होतं, घराण्यातच आहे ते. कानातलं मशीन घेऊन पाहिलं. आठ दिवस घातलं आणि डबीत ठेवून दिलं. म्हणाले, "कानात भुंगा सोडल्यासारखं होते. आवाज मोठा येते, पण शब्द नाही येत."

ऐकू येत नाही याचा त्रास नव्हता मला. मी ओरडून बोलू शकते, तेवढा दम आहे. त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होता. चार माणसं बसली आणि काही गंमत झाली, की हे सगळ्यांच्या तोंडाकडे पाहायचे आणि मग हसायचे. एक क्षण उशिरा. नवख्याला कळायचंही नाही. मला मात्र कळायचं. हळूहळू ते बैठकीत बसेनासेच झाले. नागपूरहून मुलीनं एवढा मोठा टीव्ही पाठवला, तर हे दोन मिनिटं बसून व्हरांड्यात खुर्ची टाकायचे. विचारलं तर म्हणायचे, "हवा चांगली आहे."

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. बाजार, पाळणे, पाहुणे आणि गावातल्याच लोकांनी बसवलेलं नाटक. यांचं गाव वारासिवनीकडे. तिथल्या नाटकात माझे धाकटे दीर दरवर्षी विनोदी गड्याचं काम करतात. शेती करतात, पण मंचावर आले की माणूस वेगळाच. लोक त्यांच्यासाठी दुसऱ्या गावांहून येतात. हे दरवर्षी पहिल्या रांगेत बसतात. धाकट्याला पहिल्यांदा मंचावर ढकललं ते यांनीच.

गेल्या मंडईत नाटक झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दीर माझ्याजवळ येऊन बसले. जरा घुश्श्यातच होते.

"वहिनी, एक विचारू? भाऊले माह्यं काम आवडत नाही काय?"

"काहून हो, भाऊजी?"

"सारं गाव हसते तवा तो माह्याकडं पाह्यतच नाही. बाजूच्याच्या तोंडाकडं पाह्यते. मंग हसते. मन राखाले हसते. मले दिसते नं वरून. यंदा मन लागलंच नाही माह्यं. पुढच्या साली नाही करत म्हणतो मी."

भावाचे कान कमी झाले हे त्यांना माहीत होतं, पण किती कमी झाले हे यांनी कोणाला कळूच दिलं नव्हतं. परतताना बसमध्ये मी यांना वहीवर लिहून विचारलं, भाऊजींचं बोलणं किती ऐकू येतं? यांनी वही मिटून मला परत दिली. मग म्हणाले, "चार वर्षं झाले. एक बी शब्द नाही." आणि लगेच, "त्याले सांगशील नको. तो उगाच मोठ्यानं बोलत बसन नि नाटक बिघडवन."

मी इकडे चिडले, रडले, दोन्ही केलं. चार वर्षं हा माणूस पहिल्या रांगेत बसून मुकं नाटक पाहतो आणि धाकटा समजतो भावाला आपलं काम पसंत नाही. म्हटलं, असं नाही चालायचं.

पुतणीनं ते नाटक मोबाईलवर पूर्ण घेतलेलं होतं. तिच्याकडून मागवलं. मुलीला फोन केला की बाई, सिनेमात खाली अक्षरं येतात तशी यात घालता येतील का? ती म्हणाली, येतील, पण प्रत्येक वाक्य कोणाला तरी टाईप करावं लागेल. मी म्हटलं, अगं, तू बोलते कोणाशी आहेस? पण मोबाईलवर बोट टेकवत दोन तासांचं नाटक टाईप करणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. नमुन्याला दहा ओळी करून पाहिल्या, तर टीव्हीनं आमच्या मराठीच्या जागी नुसत्या चौकटी दाखवल्या. मुलगी म्हणाली, "आई, आपला जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडला असता तर सगळंच झालं असतं. पण तो तर मेला."

मी फोन ठेवला, खोळ काढली आणि स्क्रू खोलायचं पेचकस घेऊन बसले. मेलेल्याचं आणखी काय बिघडणार होतं?

झाकण काढलं आणि बाप्पा! आत तांदूळच तांदूळ. लाल झालेले, पिवळे झालेले, कुंकवात चिकटून बसलेले. चौदा दसऱ्यांच्या अक्षता जाळीतून सरळ आत पडत गेल्या होत्या, आणि जाळीच्या अगदी खालीच त्याचा पंखा. पात्यांमध्ये दाणे ठासून भरलेले. पंखा फिरेना, डब्बा तापायचा आणि बंद पडायचा. त्याला ना आजार होता ना म्हातारपण. माझ्या भक्तीनं त्याचा गळा दाबला होता! मी एवढी हसले की हे व्हरांड्यातून उठून आले. आत पाहिलं आणि म्हणाले, "अव, एका वक्ताची खिचडी निघते यात."

मग दोघं लागलो कामाला. रंगाचा कुंचला, भाताची चाळणी, माझ्या शिलाई मशीनचा ब्रश. यांनी काडीनं एकेक दाणा टिपला, गुरुजी माणूस, धीर मोठा. पंख्याखाली लावायचा, उष्णता ओढून घेणारा पांढरा लेप आणि टीव्हीला जोडायची वायर आणायला मी त्याच दुकानात गेले. मुद्दाम. दुकानदारानं विचारलं, "आंटी, किसके लिए?" म्हटलं, "जो गया था ना, उसके लिए."

सुरू केला. दहा मिनिटं झाली, आम्ही दोघं घड्याळाकडे पाहत बसलेलो. वीस झाली. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, डब्बा सुरूच. मुलीनं फोनवरून सांगत सांगत माझ्याकडून त्याच्यात एक हलकी, नवी सिस्टीम टाकून घेतली. टीव्हीच्या पडद्यावर नाटकाचा मंच दिसला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. एकटीनं.

टाईप करायला एकोणीस दिवस लागले. पहिले दोन दिवस तर फुकटच गेले, कारण सवयीनं कचेरीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलं आणि पडद्यावर नुसते किडेमकोडे आले. नव्या पद्धतीनं पुन्हा सुरुवात केली. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, टाईप करायचं, ते कोणत्या सेकंदाला दिसायचं नि कोणत्या सेकंदाला जायचं ते लिहायचं. हे सावकाश वाचतात, काना-मात्रा तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत. म्हणून मी प्रत्येक ओळ बोलण्याच्या दोन सेकंद आधीच पडद्यावर आणली. अक्षरं पिवळी, ठसठशीत, व्हरांड्यातूनही वाचता येतील एवढी. यांना त्या काळात बैठकीत येऊ दिलं नाही. रागावले, पण चहा करून दाराशी ठेवत होते.

मग मी दिराला आणि जावेला जेवायला बोलावलं. दिराला काही सांगितलं नाही. भर दुपारी पडदे ओढले, यांना बरोबर टीव्हीसमोर बसवलं. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? वाटत होतं, हे दोन मिनिटांत उठतील आणि हवा चांगली आहे म्हणतील.

नाटक सुरू झालं. पहिली पिवळी ओळ आली. हे पुढे सरकले. ओठ हलवत वाचायला लागले, शाळेत वाचतात तसे. उठले नाहीत. दीर एकदा पडद्याकडे आणि एकदा भावाकडे पाहत होते, त्यांना काही उमगेना.

मग तो प्रवेश आला. पाटील गड्यावर ओरडतो, "अरे, डुकरं धानात शिरले तं काठी काहून नाही मारली?" दीर मंचावर डोकं खाजवत उभे. अजून त्यांनी तोंड उघडलेलं नाही, आणि खाली अक्षरं आली: "काठी एक नि डुकरं सात, मालक. कोणाले मारू नि कोणाले वाईट वाटू देऊ?"

आणि हे हसले. त्या शांत बैठकीत एकटे, मोठ्यानं, तोच जुना पाढे म्हणायचा आवाज. कोणाच्याही तोंडाकडे न पाहता.

दीर ताडकन वळले. "भाऊ, अजून तं म्या बोललोच नाही!"

यांना ते कुठलं ऐकू येणार? पण भावाचं तोंड पाहून समजले. पडद्याकडे बोट केलं, डोळे पुसत म्हणाले, "थांब, आता म्हणशील तू. चार साल म्या वाट पाह्यली, दोन सेकंद तू बी पाह्य."

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांना सगळं कळलं. मंचावरचा त्यांचा आवाज तेच वाक्य बोलला, पण ते ऐकत नव्हते. खुर्ची उचलून त्यांनी भावाच्या शेजारी आणली, टीव्हीकडे जवळजवळ पाठ करून, आणि नाटक संपेपर्यंत तिथून हलले नाहीत. पुढची प्रत्येक गंमत आधी यांना कळत होती. मी, दीर आणि जाऊ, आम्ही तिघंही यांच्या तोंडाकडे पाहत होतो आणि मग हसत होतो.