दाराबाहेरचे मीटर

ती घटना आजही आठवते, पण सरळ क्रमाने कधीच आठवत नाही. आधी लोखंडी मूठ आठवते, मग गार पडलेला हीटर, मग मयताचे लालसर गाल आणि सगळ्यांत शेवटी दोन शब्दांचा एक प्रश्न. जबाब घेताना मी लोकांना नेहमी बजावत असे, 'पहिल्यापासून सांगा.' आता तेच मला स्वतःला जड जाते आहे. तरीही प्रयत्न करतो. ज्याची मी त्या दिवशी उलटतपासणी केली, त्या माणसाच्या मातीला जाऊन आलो त्याला महिना झाला. आता हे लिहिले नाही तर राहून जाईल.

पोलीस खात्यात बावीस वर्षे काढून फौजदार असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझा मेहुणा रियाधला, ओलाया भागातल्या एका बँकेत होता. त्याच्या ओळखीने एका कंपनीत सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. कंपनीचा कामगारांचा कॅम्प अल सुलैच्या गोदामांच्या भागात होता. माझ्याकडे असलेल्या खोल्यांच्या रांगेत बहुतेक रायगडच्या किनाऱ्यावरची मुसलमान मंडळी होती. मी पुण्याचा, उशाशी पुस्तक ठेवून झोपणारा. माझ्या बोलण्याची त्यांना गंमत वाटे. सात नंबरच्या शेजारच्या खोलीतला वेल्डर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, "आला का, गेला का, जेवला का! साहेबांचा रेडिओ लागला." त्यांच्याकडे 'आला का'ऐवजी 'आयला काय' म्हणत.

रियाधचा हिवाळा कडक असतो. त्या रांगेत प्रत्येक खोलीला हीटर आणि त्यासाठी नाण्यावर चालणारे गॅसचे मीटर होते. ठेकेदाराने ती जुनी यंत्रे विलायतेतून आणवली होती आणि नाण्याची खाच बदलून पन्नास हलालांच्या, म्हणजे अर्ध्या रियालच्या नाण्याला बसेल अशी करून घेतली होती. आमची मंडळी त्या नाण्याला 'आठ आणे' म्हणत. खाचेत आठ आणे घालायचे आणि मूठ अर्धी फिरवायची. नाणे खालच्या पेटीत पडायचे, आतली दातेरी चाके सरकायची, झडप उघडायची आणि तबकडीवरचा काटा पुढे जायचा. गॅस जळेल तसा काटा मागे येई. शून्यावर आला की झडप आपोआप बंद होई आणि खोलीतला हीटर विझे. एका नाण्यात हीटर साधारण दीड तास चाले.

मीटर खोलीत नव्हते, दाराबाहेर भिंतीवर होते. पेटी रिकामी करायला येणाऱ्या माणसाला कुणाच्या खोलीत शिरावे लागू नये, म्हणून ठेकेदाराने तसे बसवून घेतले होते. तेव्हा मला ती सोय वाटली. कुणाच्या खोलीतला हीटर विझला की तो आतून हाक मारी आणि जो बाहेरून जात असेल तो नाणे टाकी. मीही सकाळच्या फेरीत कितीदा टाकले असेल. आतून आवाज येई, "गॅस आयला!" की पुढे जायचे.

जानेवारीत आखाती युद्ध सुरू झाले आणि 'गॅस' या शब्दाचे दोन अर्थ झाले. क्षेपणास्त्रातून विषारी गॅस सोडतील अशी सगळ्यांना धास्ती होती. कंपनीने चिकटपट्ट्या आणि प्लॅस्टिक वाटले. लोकांनी खिडक्या बंद केल्या, दाराखाली ओले टॉवेल कोंबले. एकदा भटारखान्याचा सिलिंडर आला म्हणून भटारी अंगणात येऊन "गॅस आयला!" ओरडला आणि सगळी रांग खाटांखाली गेली. वेल्डर तर तोंडाला ओला पंचा बांधून तासभर बाहेर आला नाही. त्यावर लोक आठवडाभर हसले. मीही हसलो.

हा भटारी आणि मुकादम सात नंबरच्या खोलीत राहत. दोघे एकाच गावचे, सारखे भांडणारे. मुकादमाला त्या आठवड्यात ताप होता.

एके दिवशी अकराच्या सुमारास भटारी तांदळाची पेज घेऊन खोलीवर गेला आणि किंचाळत बाहेर आला. मुकादम अंथरुणात मेलेला होता. हीटर गार होता, खोलीत कसलाही वास नव्हता. रांगेत एकच शब्द फिरला, गॅस. पण रात्री भोंगा झाला नव्हता, आणि बाकीचे सगळे धडधाकट होते.

मॅनेजर धावत आला. त्याने पोलिसांना फोन केला. युद्धाच्या गडबडीत त्यांना यायला दुपार उलटणार होती. तो मला म्हणाला, "तू पोलीस होतास ना? ते येण्याआधी मला दोषी माणूस दे."

तिथे माझ्या पंचनाम्याला काडीची किंमत नव्हती. तरी हाताला सवय. मी वही काढली. घटनास्थळ खोली क्रमांक सात. खिडकीला चिकटपट्टी, अखंड. दाराच्या आतल्या बाजूला ओला टॉवेल. मयत इसम डाव्या कुशीवर. झटापटीच्या खुणा नाहीत. हीटरजवळ काडेपेटी आणि एक जळकी काडी. मीटरचा काटा शून्यावर.

कंपनीच्या डॉक्टरांनी मयताचे गाल आणि नखे पाहिली. त्यावर लालसर झाक होती. ते म्हणाले, "हा बॉम्बचा गॅस नाही. बंद खोलीत हीटर जळत राहिला, हवा विषारी झाली. त्याला वास नसतो." मी विचारले, "पण हीटर तर बंद आहे." ते म्हणाले, "आता बंद आहे."

म्हणजे प्रश्न मीटरचा होता. पेटी आदल्या संध्याकाळीच रिकामी केलेली होती. किल्ली मागवून मी ती पंचांसमक्ष उघडली. आत तीन नाणी निघाली. खोलीत एकही नाणे नव्हते, ना मयताच्या खिशात, ना उशाखाली. मग भटाऱ्याची झडती घेतली. त्याच्या सदऱ्याच्या खिशात मुकादमाच्या रुमालाची गाठ, आणि गाठीत त्याची आठ आण्यांची सात नाणी.

मॅनेजर म्हणाला, "खलास." त्याच्या दृष्टीने तपास संपला होता. त्यात वेल्डरने जबाब दिला की आदल्या संध्याकाळी दोघांचे कडाक्याचे भांडण झाले आणि भटारी ओरडला, "मर एकदाचा घुसमटून!" भांडण, धमकी, मयताची नाणी. आमच्या ठाण्यात एवढ्यावर कोठडी मिळाली असती. इथे काय होईल ते कुणी बोलत नव्हते.

सामानाच्या कोठीत मी त्याला समोर बसवले. आम्ही एकाच वयाचे. सगळे त्याला भाई म्हणत, मीही म्हणत असे. त्या दिवशी नाही म्हटले.

"रात्री नाणं कुणी टाकलं?"

"मीच. एकच. हीटर विझला तवा मी जागा व्हतो."

"बाकीची दोन?"

"मी नाय टाकली."

"मग त्याची नाणी तुझ्या खिशात कशी?"

तो म्हणाला, "साहेब, त्याला सांगून थकलो. पट्टी लावायची तं हीटर नको, हीटर पायजे तं खिडकी उघड. तो बोलतो, खिडकी उघडली तं बॉम्बचा गॅस येल. मी बोललो, मर एकदाचा घुसमटून. सकाळी पाचाला कामावर निघालो तवा त्याची सगली नाणी काढून नेली. नाणा नाय तं हीटर नाय. थंडीनं कोण मरत नाय, साहेब."

"तू निघालास तेव्हा तो जिवंत होता?"

"जित्ता व्हता. शिव्या देत व्हता."

मी ते सगळे लिहून घेतले आणि खाली शेरा मारला, 'बचाव रचलेला वाटतो.' ही ओळ अजून त्या वहीत आहे.

तरी काहीतरी जुळत नव्हते. मारायचे असते तर त्याने नाणी नेली कशाला? आणि ती नेल्यावर मीटरमध्ये दोन नाणी आली कुठून? मुकादम उठून बाहेर आला असे धरावे, तर नाणे त्याच्याकडे नव्हते. कुणी तिसरा यावा, तर त्याचे मुकादमाशी वैर काय? वैर शोधत मी तीनदा रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. एकाचाही जबाब दुसऱ्याशी जुळेना. कुणी म्हणे पहाटे दार वाजले, कुणी म्हणे विमान गेले. माझे डोके चालेनासे झाले.

शेवटी वेल्डरला पुन्हा बोलावले. "सकाळी काय ऐकलंस? शब्द न् शब्द सांग."

तो लाजला. "हसाल तुमी. साडेसातला मुकादम आतून ओरडला, 'आयला, आयला! गॅस आयला!' मना वाटला बॉम्बचाच. पंचा भिजवला नि खाटेखाली गेलो. मागच्या वेळेला लोक हसले, म्हणून कोणाला बोललो नाय."

"त्याआधी काही?"

"त्याच्या आदी बाहेरून कोणतरी विचारला."

"काय विचारलं?"

"विचारला, 'आला का?'"

एवढे बोलून वेल्डरने माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर खाली घातली. ज्या नकलेवर तो रोज टाळ्या घेत असे, ती त्याने त्या दिवशी नक्कल न करता केली होती. त्या रांगेत 'आला का' म्हणणारा एकच माणूस होता.

मग सगळे आठवले. साडेसातची फेरी. सात नंबरमधून हाक, "गॅस गेला, साहेब." मूठ जरा जड होती. एक नाणे टाकले. आजारी माणूस आहे, पुन्हा हाक मारायला नको, म्हणून आणखी एक टाकले. दाराखालून ओल्या टॉवेलचे टोक बाहेर आले होते, तेही पाहिले. "आला का?" म्हणून विचारले. तो आला म्हणाला. मी पुढे गेलो आणि फेरीच्या नोंदवहीत लिहिले, सर्व ठीक. दोन नाणी म्हणजे तीन तास. साडेदहाला मीटरने झडप बंद केली. अकराला भाई पेज घेऊन आला.

इतका वेळ हे मला आठवले कसे नाही, याचे समाधानकारक उत्तर आजही माझ्याकडे नाही. रोजची गोष्ट होती म्हणून, असे म्हणता येईल. वही हातात घेतली की माणूस स्वतःला घटनेबाहेर समजतो म्हणून, असेही म्हणता येईल. मी लपवत नव्हतो, एवढे खात्रीने सांगतो. पण असे खात्रीने सांगणारे कितीतरी लोक मी खोटे ठरवले आहेत.

कोठीत गेलो. भाई तसाच बसला होता.

म्हणालो, "भाई, ती दोन नाणी मी टाकली."

तो म्हणाला, "मना वाटलाच व्हता."

"कधीपासून?"

"पेटीत दोन जादा निघाली तवाच. फेरीत दुसऱ्याच्या मीटरला नाणा कोण टाकतो? तुमी."

"मग बोलला का नाहीस?"

"सवाल तुमी करत व्हतात, साहेब. तुमाला सवाल कोण करणार?" मग म्हणाला, "नि मी बोललो असतो तं तुमी लिवला असता?"

वहीतला शेरा त्याच्यापासून चार बोटांवर होता.

मॅनेजरने मला सुचवून पाहिले की मयताने स्वतःच उठून नाणी टाकली असे लिहून मोकळे व्हावे. म्हणजे कुणालाच त्रास नाही. खरे सांगतो, तो विचार माझ्या मनात तो बोलण्याआधीच येऊन गेला होता. पण तसे लिहिले असते तर भाईच्या खिशातली सात नाणी चोरीचीच राहिली असती. दुपारी पोलीस आले. मी दुभाष्यामार्फत जबाब दिला, स्वतःचे नाव आधी सांगितले आणि रुमालाची गाठ कशासाठी होती तेही सांगितले. त्यांच्या अधिकाऱ्याने मीटरजवळ उभे राहून माझ्या हातून एक नाणे टाकवले, मग आत जाऊन हीटर पाहिला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. भाईला त्याच संध्याकाळी सोडले. माझा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, जमा करून घेतला. युद्ध संपेपर्यंत मी आठवड्यातून दोनदा ठाण्यात हजेरी देत होतो, बाकावर, लोकांच्या रांगेत. पुढे तो अपघात ठरला. मुकादमाला तिथेच दफन केले. ठेकेदाराने मीटर खोल्यांच्या आत घेतले. आता पेटीसाठी येणारा माणूस दार वाजवू लागला.

या प्रकरणाने काय शिकवले, असे लोक विचारतात. नोकरीभर मी हेतू शोधत आलो. इथे ज्याच्या तोंडी मरणाची भाषा होती तो वाचवत होता, आणि ज्याच्या मनात दया होती त्याने दाराबाहेर उभे राहून आतल्या हवेचा विचारही न करता मूठ फिरवली. यंत्राला नाणे ओळखता येत होते, बाकी काही नाही. त्या सकाळी मलाही त्याहून जास्त काही ओळखता आले नाही. घटनास्थळी हजर असलेल्या प्रत्येकाचा जबाब मी घेतला होता, एकाचा सोडून.

त्यानंतर मी भाईला ईदेला पत्र पाठवू लागलो. पुढे तो गावी परतला, मीही परतलो, पत्रे चालू राहिली. त्याची उत्तरे दोन ओळींची असत. त्या दिवसाबद्दल त्याने कधी एक अक्षर लिहिले नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलाचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा कबर बुजवत होते. मीही तीन मुठी माती टाकली. नंतर मुलगा जवळ आला, अदबीने म्हणाला, "काका, तुम्ही अब्बांचे कोण?"

दुसरा शब्द मला सुचला नाही. म्हणालो, "एकदा मी त्यांची चौकशी केली होती."

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, "हो, ते सांगायचे. पुण्याचे एक साहेब आहेत, दर ईदेला माझी चौकशी करतात."