माझ्या कपाळावर खूण नाही

आमच्या घरात बाबांच्या कपाळावर खूण आहे, काकांच्या आहे, आणि माझ्या लहान भावाच्या डाव्या भुवईवर आहे. माझं कपाळ कोरं आहे. पांढुर्ण्याबाहेरच्या माणसाला यात काही कमी वाटणार नाही, म्हणून आधी गोटमारीचं सांगतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि त्याला झेंडा बांधतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. दोन्ही काठांवरून दिवसभर दगड चालतात. झेंडा आणेल ते गाव जिंकलं. असं सांगतात की फार पूर्वी आमच्याकडचा एक मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदीतून पळाला, आणि त्यांच्यामुळे दोन्ही गावांनी एकमेकांवर दगड उचलले. ज्याला लागतं त्याच्या जखमेवर चंडीमातेच्या देवळातली राख लावतात. जखम भरते, खूण राहते. अशी खूण असलेला माणूस चहाच्या टपरीवर आला की बाकीचे सरकून जागा देतात.

मी थोरला आणि शाळेत हुशार. त्या दिवशी बाबा मला मागच्या खोलीत पुस्तक देऊन बसवायचे.

"तुले शिकाचं आहे. डोकं फुटलं तं शिकशील कायनं?"

मी बसायचो. माझ्या खोलीला कडी लावावी लागत नसे. भावाच्या खोलीला लावत, आणि तो छतावरची कौलं सरकवून जायचा. संध्याकाळी बाबा त्याला बदडायचे, आई राख लावायची, आणि शेजारी चहाला आले की बाबाच रंगवून सांगायचे, आपला पोट्टा पाण्यात कुठवर गेला होता, झाडाच्या किती जवळ होता. मी आतून ऐकायचो. माझा धडा तोवर पाठ झालेला असायचा. तो म्हणून दाखव, असं कोणी म्हणायचं नाही.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण मी जो काही आहे तो त्या दोघांमुळे आहे. भावानं शाळा सोडून संत्र्याची बाग धरली. उन्हाळ्यात तो आणि बाबा झाडांना पाणी देत होते तेव्हा मी नागपूरला वाचनालयात पंख्याखाली बसलो होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. सौसरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. इस्त्रीचा शर्ट घालून बसमध्ये चढताना मला अजूनही त्यांची आठवण येते. पण उपकाराची जाणीव एका जागी असते आणि जळणं दुसऱ्या. एकानं दुसरं विझत नाही.

यंदा पोळ्याच्या आधी मी वर्गात महायुद्धानंतरची अमेरिका शिकवत होतो. शहराबाहेर एकसारख्या घरांच्या रांगा, प्रत्येकापुढे तेवढंच गवत, सकाळी एकसारखे कोट घालून कामावर जाणारे बाप. शेजाऱ्यापेक्षा वेगळं दिसू नये ही सगळ्यांची काळजी. आणि त्याच घरांतली पोरं चामडी जॅकेट घालून, कर्कश गाणी लावून, बापाला उलट बोलून घराबाहेर पडलेली. हा धडा मी दरवर्षी शिकवतो, आणि दरवर्षी ते कोट घातलेले लोक मला ओळखीचे वाटतात.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, त्यांच्याइथं गोटमार नसन. नाही तं जॅकेटची गरजच नव्हती."

वर्ग हसला. मग मोहगावहून येणारी एक मुलगी उभी राहिली. ती एरवी बोलत नाही.

"पण सर, ते सारे पोट्टे जॅकेट तं एकसारखंच घालत होते न? मग बापापेक्षा वेगळे कुठं झाले? त्यायनं फक्त कोट बदलला."

मी तिला शाबासकी दिली. खरं म्हणजे ती तिला कमी आणि मला जास्त होती. बसमध्ये परत येताना मी तो विचार माझ्या भावावर लावून पाहिला, आणि तो नेमका बसला. कौलं सरकवून तो पळायचा कुठे? जिथे बाबा गेले होते, आजोबा गेले होते तिथेच. सगळं गाव जे करतं तेच करून तो बंडखोर ठरला होता. हे त्याला बाबांसमोर सांगायचं, शांतपणे, शिक्षकासारखं, असं मी ठरवलं. बाबांनी एकदा तरी ऐकावं की आमच्या दोघांत डोकं कोणाचं चाललं.

पोळ्याच्या रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो. पुरणपोळी होती. आता बाबांचे गुडघे गेलेत, पण गोटमारीला काठावर जाऊन उभं राहायचं ते चुकवत नाहीत. दरवर्षी भाऊ त्यांना सोबत नेतो, सुरक्षित जागी उभं करतो आणि मग खाली पात्रात उतरतो.

"सकाळी लवकर निघू," बाबा त्याला म्हणाले. "मंग गर्दी होते."

"मी नाही येऊन राहिलो, बाबा."

"काहून?"

"मागच्या साली माह्या गोट्यानं एकाचं डोकं फुटलं. तो खाली बसला ते मले दिसलं. इतके साल मारले, पण कोणाले लागला हे कधी दिसलं नव्हतं." त्यानं पोळीवर तूप घेतलं. "आता माह्यानं नाही होत."

बाबांचा घास हातातच राहिला. मग ते माझ्याकडे वळले. "हे तू शिकवलं का त्याले?"

खरं सांगतो, मला हो म्हणावंसं वाटलं. घटकाभर का होईना, ते धाडस माझ्या नावावर लागलं असतं. पण उत्तर भावानंच दिलं, हसत, मनात काही न ठेवता.

"दादा काय शिकवन? त्यानं तं कधी गोटाच नाही उचलला."

माझा जॅकेटचा मुद्दा तोंडातच विरून गेला. ज्याला मी 'तू गावासारखाच आहेस' असं सुनावणार होतो, त्यानं गावाला नाही म्हटलं होतं, आणि तेही जेवता जेवता.

सकाळी तो बागेकडे निघाला तेव्हा चौकातल्या पोरांनी त्याला गाठलं. "काय बे, बायकोनं बांगड्या भरून देल्या का?"

"देल्या न. तुले पाहिजे तं सांग, मागून ठेवतो."

पोरं हसली. चिडवायला आलेली पोरं त्याच्याच बाजूनं हसली. मी ओट्यावर उभा राहून ते पाहत होतो. मागून बाबांचा आवाज आला. "चाल मंग, तूच चाल."

असा मी पहिल्यांदा गोटमारीला गेलो. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. लहानपणी मागच्या खोलीत बसून मी याच हाताची वाट पाहिली होती. आता तो मिळाला, पण जागा रिकामी झाली म्हणून मिळाला. काठावर पोचलो तर कॉलेजातला तोच मागच्या बाकावरचा मुलगा धावत आला. "सर, तुम्ही मागं व्हा. तुम्हाले लागून जाईन." मी मागे झालो. सवयीनंच.

बाबांना जो भेटेल तो आधी हेच विचारी, "लहान नाही आला?"

"नाही म्हणते. येतच नाही म्हणते," बाबा सांगत. सकाळी त्यात राग होता. दुपारपर्यंत राग गेला आणि शेजाऱ्यांना चहाच्या वेळी सांगायचे तोच जुना सूर आला. "त्याचं काही सांगता येते का? लहानपणीही कडी लावून ठेवा लागे."

ऐकणारे मान हलवत. पात्रात झाड अजून उभं होतं, दगड चालले होते. मी बाबांच्या मागे, इस्त्रीच्या शर्टात, त्यांची काठी धरून उभा होतो. भाऊ एक वर्ष आला नाही तर अख्खा काठ कारण विचारत होता. मी इतकी वर्षं आलो नव्हतो. मला त्या दिवशीही कोणी विचारलं नाही.