सोटांना पाचर

"मागं हो गो! नळापुढं जाऊ नको!" हमीदचे अब्बा वरडले, पन मी पुढंच धावले. वाडीत रचलेले पोफळीच्या खोडांचे सोट गडगडायला लागले होते आनि आमचा हमीद रांगत नेमका त्यांच्यापुढं गेला होता. अब्बांनी बाजूनं येऊन खालच्या सोटाला लाकडाची पाचर सारली. सोट थांबला, हमीदपासून वीतभर.

मग त्यांनी दुसऱ्या बाजूलाबी पाचर मारली. इरानात तेलाच्या विहिरीतनं पोलादी नळ वर वढायचं काम त्यांचं. नळ आला की त्याच्या टोकाच्या आट्यांवर टोपी चढवायची, लाकडावर आडवा ठेवायचा, आनि दोनी बाजूंना पाचर मारल्याबिगर हात काढायचा न्हाय, असं सुट्टीवर आले की मला रोज सांगायचे; म्हनून सोटांनाबी नळच म्हनाले.

"तितं कदी इसरलो न्हाय गो," ते म्हनाले, "आनि घरात इसरलो."

मी हमीदला उचलून त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. कितीदा धुतला तरी वंगनाचा वास जायचा न्हाय त्याचा. हमीद त्यांची दाढी वढून हसत होता. दुसऱ्या दिशी सकाळी त्यांची इरानची बोट होती.

"राहू का हितंच?" त्यांनी हळूच विचारलं.

ते गेले, आनि आज विहिरीच्या रहाटाला वंगन घातलं तर तोच वास आला. आता सोटांना पाचर मी मारते. त्या दिशी 'रहा' म्हनायचं व्हतं, पन घर त्यांच्या पगारावर; आनि 'जा' तर तोंडातनं येईना. मी गप्प राहिले, त्यांनी त्याचा अर्थ 'जा' घेतला. तुमी माझ्या जागी असता तर काय बोलला असता?